तबकडी, पंचनामा आणि प्रमाणपत्र

गेल्या बदलीच्या वेळी पुस्तकांच्या पेट्या बांधताना कपाटाच्या तळाशी बुटांचे एक जुने खोके हाती लागले. आत चाळीस-पन्नास सीडी होत्या आणि त्यांतल्या एकीवरही छापील वेष्टन नव्हते. काळ्या मार्करने लिहिलेली अक्षरे मात्र होती: 'नाट्यगीते, जुनी', 'अभंग, आईसाठी', 'दिवाळी २००४, एमपी-थ्री, १३८ गाणी'. महाराष्ट्राबाहेर नोकरी केलेल्या बहुतेक मराठी घरांत असे एखादे खोके असावे. ज्या गावी मराठी वर्तमानपत्र तिसऱ्या दिवशी पोहोचे, तिथे मराठी गाण्यांची कॅसेट दुकानात मिळण्याचा प्रश्नच नव्हता. पुण्या-नागपुराहून येणारा पाहुणा चकल्यांच्या डब्याबरोबर अशी एक सीडी आणी, आणि पुढे वर्षभर ती घराघरांतून फिरत राही.

जमीन महसूल आणि जनगणना यांविषयी लिहिणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने गाण्यांच्या सीडीवर लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. परंतु या तबकडीचा आपल्या प्रशासनाशी असलेला संबंध वाटतो त्याहून पुष्कळ जवळचा आहे. शिवाय खोक्यातील एका सीडीशी माझ्या हातून झालेली एक कसूर जोडलेली आहे. ती सांगायची तर आधी थोडे मागे जावे लागेल.

१९०२ साली फ्रेड गायझबर्ग याने कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. ते मेणावर उमटलेले गाणे तबकडीच्या रूपात ऐकायचे, तर त्यासाठी ते जर्मनीतील हॅनोव्हरच्या कारखान्यात जावे लागे आणि तिथून तबकड्या बोटीने परत येत. १९०८ मध्ये कलकत्त्याच्या सियालदह भागात कारखाना निघाला तेव्हा हा फेरा थांबला. पण थांबला तो फक्त समुद्रप्रवास. ध्वनी तबकडीवर उतरवणे हे कारखान्याचे काम, आणि कारखाना एका कंपनीचा, ही व्यवस्था त्यानंतरही कित्येक दशके टिकली. कायद्याच्या दृष्टीने ती फार सोयीची होती, कारण नक्कल करण्याचे यंत्र मोजक्या लोकांकडे असले की त्यांच्यावर लक्ष ठेवणे अवघड नसते.

कॅसेटने ही सोय मोडली. १९८० च्या दशकात गल्लोगल्ली कॅसेटी भरून मिळू लागल्या. प्रादेशिक भाषांतील लोकसंगीताला त्याचा केवढा फायदा झाला हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. शासनाने त्याला १९८४ मध्ये उत्तर दिले: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२-अ घालण्यात आले आणि ध्वनिमुद्रण प्रकाशित करताना त्याच्यावर निर्मात्याचे नाव व पत्ता, हक्कधारकाचे नाव व पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष छापणे बंधनकारक झाले. तपासणाऱ्या पोलिसाला अस्सल-नकली ओळखण्याची एक खूण मिळाली. ही खूण पुढे कशी उलटली ते ओघाने येईलच.

सीडी बाजारात आली ती १९८२ मध्ये, फिलिप्स आणि सोनी यांच्या संयुक्त प्रयत्नांतून. सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीचे मोजमाप घ्यायचे, प्रत्येक मोजमाप १६ अंकी द्विमान संख्येत लिहायचे आणि त्या संख्या प्लास्टिकवर सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने दाबून उमटवायच्या, असे तिचे तंत्र. दाबून उमटवायच्या म्हणजे पुन्हा कारखाना आलाच. घरच्या घरी लिहिता येणारी सीडी जपानच्या ताइयो युदेन या कंपनीने १९८८ च्या सुमारास सिद्ध केली आणि १९९० मध्ये तिचे मानक ठरले. या तबकडीत खळगे नसतात. धातूच्या चकचकीत थराखाली सेंद्रिय रंगाचा एक अतिशय पातळ थर असतो. लिहिणारा लेसर त्यावर जिथे तापतो तिथे रंगाचा गुण बदलतो, आणि वाचणाऱ्या यंत्राला तिथे खळगा असल्याचा भास होतो. म्हणूनच इंग्रजीत या क्रियेला 'जाळणे' असे नाव पडले. मराठीने तो शब्द काही घेतला नाही. आपल्याकडे 'सीडी राईट करून देतो' असे म्हणत, आणि लिहिण्याची ही कल्पना मला अधिक सुसंस्कृत वाटते. (या कामासाठी सर्वांत लोकप्रिय झालेल्या जर्मन संगणक-प्रणालीचे नाव नीरो होते, तेही रोम जळण्याच्या दंतकथेवरचा श्लेष म्हणून. आपल्या दुकानांतील हजारो मुलांनी तो सम्राट कोण हे न कळताच त्याचे नाव दिवसातून शंभर वेळा घेतले असेल.)

एमपी-थ्री हे तंत्र याच दशकात आले. कानाला फारसे न जाणवणारे ध्वनी गाळून टाकून गाण्याचा आकार सुमारे अकरावा हिस्सा करण्याची ही युक्ती. मूळ पद्धतीने ८० मिनिटांचे संगीत मावणाऱ्या तबकडीवर आता बारा तासांची गाणी बसू लागली. पाच मिनिटांचे एक, या हिशेबाने दीडशेच्या आसपास. दोन-तीन रुपयांच्या गाण्याचा भाव काही पैशांवर आला.

कोरी तबकडी येत होती कोठून? इथे आपल्या औद्योगिक धोरणाचा एक फारसा न सांगितला गेलेला अध्याय आहे. मोझर बेअर ही कंपनी १९८३ मध्ये दिल्लीत निघाली ती एका स्विस कंपनीच्या सहकार्याने वेळनोंदणीची यंत्रे बनवण्यासाठी. त्याच दशकात ती फ्लॉपीकडे वळली, १९९९ च्या सुमारास लिहिता येणाऱ्या सीडीकडे, आणि काही वर्षांतच नोएडा व ग्रेटर नोएडा येथील तिच्या कारखान्यांमुळे भारत या मालाच्या जगातील मोठ्या निर्यातदारांत गणला जाऊ लागला. इतका, की भारतीय शासनाच्या निर्यात-सवलती म्हणजे अनुदानच होय, असे ठरवून युरोपीय संघाने २००३ मध्ये भारतातून येणाऱ्या सीडींवर प्रतिशुल्क बसवले. उद्योग मंत्रालय ज्या वस्तूच्या निर्यातीचे आकडे अभिमानाने सांगत होते, त्याच वस्तूचे ढीग गृह खात्याचे पोलीस दुकानांतून जप्त करीत होते. दोन्ही खाती आपापल्या जागी बरोबर होती. कारखान्याचे पुढे काय झाले तेही सांगून टाकतो: पेन ड्राइव्ह आला, मग फोनवरूनच गाणी मिळू लागली, कंपनीने सौरऊर्जेत शिरून पाहिले, आणि २०१७ मध्ये दिवाळखोरीची कार्यवाही सुरू होऊन २०१८ मध्ये ती अवसायनात गेली.

आता कसुरीकडे वळतो. २००३ च्या मे महिन्यात मी पूर्व भारतातील एका रेल्वेच्या गावी उपविभागीय दंडाधिकारी होतो. बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळापासून अशा गावांतून नागपूरकडची मराठी कुटुंबे स्थायिक झालेली आहेत. त्यांचे एखादे मंडळ असते, गणेशोत्सव असतो, क्वचित नाटकही असते. स्टेशन रोडवर एका तरुणाचे दुकान होते. दोन संगणक, एक जुना टेपरेकॉर्डर आणि बाहेर फळ्यावर खडूने लिहिलेले दर. कॅसेटवरून सीडी करून देणे हे त्याचे मुख्य काम. त्या काळी हे काम फार नाजूक असे. संगणकाकडून येणारा माहितीचा ओघ क्षणभर जरी खंडित झाला तरी तबकडी बाद होई. पुढे सान्यो कंपनीने २००० मध्ये यावर उपाय काढला, पण गावाकडची यंत्रे जुनी होती आणि वीज जाण्यावर तर सान्योकडेही उपाय नव्हता. त्यामुळे नासलेल्या सीडींची एक माळ करून त्याने दारावर तोरणासारखी बांधली होती. उन्हात ती छान चमके.

संगीत कंपन्यांच्या वतीने आलेल्या एका प्रतिनिधीच्या तक्रारीवरून पोलिसांनी त्या रस्त्यावरील पाच दुकानांवर छापा घातला. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे उपनिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याला वॉरंटाशिवाय जप्तीचा अधिकार आहे. माझी उपस्थिती केवळ बंदोबस्तासाठी होती, कारण दुकानदार रस्ता अडवतील अशी शंका होती. चार दुकानांत सिनेमांच्या नकला गठ्ठ्यांनी सापडल्या आणि त्यांविषयी मला आजही काही म्हणायचे नाही. पाचवे दुकान या तरुणाचे. तेथील पंचनाम्यात 'लेबल नसलेल्या नकली सीडी' असा एकच शब्दप्रयोग सर्व तबकड्यांसाठी वापरला गेला. कलम ५२-अ ची खूण इथे उलटी लावली होती. ज्या सीडीवर निर्मात्याचे नाव-पत्ता नाही ती चोरीची, असे समीकरण. वस्तुतः ते कलम प्रकाशित होणाऱ्या ध्वनिमुद्रणासाठी आहे. घरातल्या माणसाने आपल्यासाठी करवून घेतलेली प्रत म्हणजे प्रकाशन नव्हे. हे मला त्या क्षणी माहीत होते. एखादी तबकडी दुकानातल्याच संगणकात घालून ऐकावी, असे सुचवायला मला अर्धा मिनिट लागला असता. ऊन फार होते, जमाव वाढत होता, आणि जप्ती हे पोलिसांचे काम आहे, माझे नाही, असे मी स्वतःला सांगितले. मी काही बोललो नाही.

त्यानंतर सतरा-अठरा दिवसांनी कचेरीत एक वृद्ध गृहस्थ आले. रेल्वेत गार्ड म्हणून निवृत्त झालेले. दारावरची पाटी वाचून ते थेट मराठीतच बोलले, "साहेब, माझ्या एकोणीस कॅसेटी तुमच्या पोलिसांनी उचलून नेल्या. त्या विकतच्या नाहीत हो. आमच्या मंडळाच्या गणपतीतल्या आहेत, पंच्याऐंशी-शहाऐंशी सालच्या. टेप मीच लावला होता."

मी म्हटले, "बसा काका. दुकानदाराकडे पावती आहे?"

"पावती कसली? ओळखीचा पोरगा. कॅसेटी घासल्यात, आवाज जातो, म्हणून सीडी करायला दिल्या होत्या." मग जरा थांबून, "आमच्या हिचा आवाज आहे त्यात. ती गेली त्याला सहा वर्षं होतील."

कलम ६४ मध्येच अशी तरतूद आहे की जप्त वस्तूंमध्ये ज्याचे हितसंबंध आहेत त्याने पंधरा दिवसांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा, म्हणजे त्या परत मिळू शकतात. काका त्या पंधरा दिवसांत भाचीच्या लग्नाला नागपूरला होते. परतल्यावर त्यांना दुकानाला कुलूप दिसले होते.

कायद्याने पाहता काकांचे काहीच चुकले नव्हते. ध्वनिमुद्रण त्यांनीच केलेले, तेव्हा त्याचे निर्माते तेच. गाण्यांचे म्हणाल, तर किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले आणि देवल १९१६ मध्ये, त्यांची पदे केव्हाच सर्वांची झाली होती. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, म्हणजे साठ वर्षांच्या मुदतीनुसार त्यांच्या पदांवरचा हक्क २००८ च्या अखेरपर्यंत शाबूत होता, परंतु साहित्य आणि संगीत यांच्या खाजगी वापराला कलम ५२ ची मोकळीक होतीच. गंमत अशी, की ही मोकळीक त्या वेळी ध्वनिमुद्रणाला नव्हती. कलमात वाङ्मयीन, नाट्य, संगीत आणि कलाकृती एवढेच शब्द होते. म्हणजे स्वतःच्या पैशाने विकत घेतलेल्या कॅसेटची स्वतःसाठी सीडी करवून घेणारा मध्यमवर्गीय सज्जन कायद्याच्या काटेकोर वाचनात अपराधी ठरण्याची शक्यता होती, आणि त्याला बायकोच्या गाण्याची प्रत करणाऱ्या काकांहून कमी संरक्षण होते. जर्मनीने १९६५ मध्येच हा पेच ओळखून खाजगी नक्कल मान्य केली आणि त्या बदल्यात ध्वनिमुद्रण-यंत्रांवर आकार बसवून तो कलावंतांकडे वळवला. पुढे कॅनडाने कोऱ्या तबकड्यांवरही असा आकार लावला. आपण असला कोणताच हिशेब मांडला नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये 'कोणतीही कृती' असे शब्द आले आणि संगणक-प्रणाली वगळता सर्वांच्या खाजगी व व्यक्तिगत वापराला संरक्षण मिळाले. तोवर लोकांनी सीडी राईट करणे जवळजवळ सोडून दिले होते.

मी काकांना वकील गाठून दिला आणि दंड प्रक्रिया संहितेच्या कलम ४५१ खाली, खटला चालू असताना वस्तू ताब्यात मिळण्यासाठी, अर्ज करवला. एवढेच माझ्या हातात होते. खरे तर छाप्याच्या दिवशी याहून पुष्कळ अधिक हातात होते. त्यानंतर माझी बदली झाली.

लिहिता येणाऱ्या या तबकडीने पुढील दहा वर्षांत आमच्याच कचेऱ्या व्यापल्या. मतदार याद्या राजकीय पक्षांना सीडीवर दिल्या जाऊ लागल्या, निवडणुकीची चित्रमुद्रणे सीडीवर जतन होऊ लागली. नियम मात्र मागेच राहिले. माहिती अधिकाराच्या २००५ च्या शुल्क-नियमांत 'डिस्केट किंवा फ्लॉपी' यासाठी ५० रुपये असा दर होता. सीडीचे नावच नव्हते. सोनीने फ्लॉपीची विक्री २०११ मध्ये थांबवली, आणि ३१ जुलै २०१२ च्या नव्या नियमांतही ५० रुपये डिस्केट किंवा फ्लॉपीचेच राहिले! असंख्य माहिती अधिकाऱ्यांनी सीडीला फ्लॉपी समजून पावत्या फाडल्या आहेत. मीही त्यांतलाच एक.

आणि मग न्यायालयाने विचारले, की ही तबकडी खरी कशावरून? २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने पुरावा कायद्यात कलम ६५-ब घातले होते. संगणकातून काढलेली प्रत पुरावा म्हणून द्यायची तर ती कोणत्या यंत्रातून, कशी काढली याचे जबाबदार व्यक्तीच्या सहीचे प्रमाणपत्र जोडावे, असे ते सांगत असे. हे कलम बेतले होते इंग्लंडच्या १९६८ च्या दिवाणी पुरावा कायद्यातील तरतुदीवर, जी खुद्द इंग्लंडने १९९५ मध्ये रद्द केली होती. प्रमाणपत्राकडे कोणी फारसे लक्ष देत नव्हते. सर्वोच्च न्यायालयानेही २००५ मध्ये त्याविना चालेल असे म्हटले होते. ते बदलले एका गाण्यांच्या सीडीमुळे. केरळमधील एरनाड मतदारसंघाच्या २०११ च्या निवडणुकीत प्रचाराची गाणी, घोषणा आणि भाषणे यांतून बदनामी झाली, अशी पराभूत उमेदवाराची तक्रार होती. त्याने ती गाणी अन्य उपकरणांवर मुद्रित केली, संगणकात घातली आणि त्यांच्या सीडी करून न्यायालयात दिल्या. १८ सप्टेंबर २०१४ रोजी, अन्वर पी. व्ही. विरुद्ध पी. के. बशीर या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्राअभावी त्या सीडी पुराव्यातून बाद केल्या. प्रचारात प्रत्यक्ष वाजवलेल्या मूळ सीडीच जप्त करवून आणल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती, असेही न्यायालयाने नमूद केले.

हा निकाल वाचताना मला स्टेशन रोडवरचा पंचनामा आठवला. तिथे मूळ आणि नक्कल दोन्ही एकाच पोत्यात भरल्या होत्या.

पुढे याच प्रश्नावर आपल्या जालन्याचे प्रकरण गाजले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेनंतर दाखल झाला की नाही, याचे उत्तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कचेरीतील चित्रमुद्रणाच्या सीडींत होते. याचिकाकर्त्यांनी वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रमाणपत्र अनिवार्यच आहे, पण ज्याने ते मिळवण्यासाठी शक्य ते सर्व केले आणि तरी कचेरीने दिले नाही, त्याला त्याची शिक्षा होऊ नये. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने तर प्रमाणपत्राचा नमुनाच परिशिष्टात दिला आहे. कोणत्या कचेरीच्या अनास्थेतून कोणता न्यायसिद्धांत जन्माला येईल याचा नेम नसतो.

काकांच्या कॅसेटी २००५ मध्ये सुपुर्दनाम्यावर परत मिळाल्या. मालखान्याच्या पत्र्याखाली दोन उन्हाळे काढलेल्या. सीडी मात्र मिळाल्या नाहीत. त्या मुद्देमाल होत्या. २००७ मध्ये त्यांनी उरल्यासुरल्या कॅसेटींवरून नवी सीडी करवून मला टपालाने पाठवली. तीच ही, 'नाट्यगीते, जुनी'. अक्षर त्यांचे, बॉलपेनने गिरवलेले. आपण सारे सीडीची खालची चकचकीत बाजू जपतो, पण धातूचा थर असतो वरच्या बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली, आणि टोकदार लेखणीने नेमका तोच दुखावतो.

घरातल्या एकाही संगणकाला आता सीडीचे यंत्र नाही. कचेरीतील एका सहकाऱ्याकडून बाहेरून जोडायचे मागून आणले. सीडीवर लेखन आतून बाहेर होत जाते आणि कडेचा भाग आधी खराब होतो, त्यामुळे सुरुवातीची चार गाणी स्वच्छ वाजली. पाचव्याला अडखळू लागले. सहाव्यात पेटीचे सूर, कोणाचे तरी खोकणे, आणि मग एका बाईंचा बारीक, जरासा चढा आवाज. दीड मिनिटाने तो तुटला. शेवटची तीन गाणी यंत्राने वाचलीच नाहीत.

काका आता नाहीत. निघाले तेवढे उतरवून मी बिलासपूरला त्यांच्या मुलीकडे पाठवले. तिचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले. आवाज आईचाच आहे, तिने लिहिले होते, पण मागे बाबा पेटी वाजवत नाहीयेत, त्यांचा हात असा नव्हता. त्या वर्षी पेटीला कोण होते हे विचारायला आता मंडळात कोणी उरलेले नाही, शेवटच्या तीन गाण्यांत कदाचित नाव घेतले असेल, ती पुन्हा एकदा लावून बघाल का?